हिलाल सर वगळून

"माझ्या वतीने नाही! माझं नाव वगळा आणि मग पुढे बोला!"

सभागृहाच्या मधल्या रांगेतून हा आवाज निघाला तेव्हा आमचे प्राचार्य आभाराच्या ऐन भरात होते. "सर्व प्राध्यापकांच्या वतीने, सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने, तसेच समस्त अमळनेरकरांच्या वतीने..." इथवर गाडी आली होती. पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी जेवणाच्या ओढीने खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच अर्धे राहिले. छतावरच्या पंख्याने फिरणं थांबवलं. वीज गेली होती असं लोक म्हणतात, म्हणोत. मी तिथे होतो. पंखा त्या आवाजाने थांबला.

हे हिलाल सर. तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख, आणि त्या विभागातले एकुलते एक प्राध्यापकही तेच. मी शेजारच्या खोलीत मराठी शिकवायचो, म्हणजे माझे विद्यार्थी भिंतीपलीकडून तत्त्वज्ञान शिकायचे. सरांचा आवाज असा होता की त्यांनी अमळनेरला नुसतं खाकरलं तर धुळ्याच्या शाळेत प्रार्थना सुरू व्हायची. अंगाने मात्र वाळल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. एवढ्याशा पिंजऱ्यात एवढं जनावर राहतं कुठे, हा प्रश्न मी सरांच्या डॉक्टरांनाही विचारला होता. ते म्हणाले, आम्हीही शोधतोय.

तर प्राचार्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "प्राध्यापक हिलाल पाटील वगळून सर्वांच्या वतीने." सर खाली बसले. तेव्हापासून आमच्या कॉलेजात तो रिवाजच पडला. झेंडावंदन असो, शोकसभा असो, स्नेहसंमेलन असो, आभार मानणारा हिलाल सर वगळूनच मानायचा. पुढे तो रोग पसरला. भूगोलवाले उठले, मलाही वगळा. ग्रंथपाल उठले. शिपाई दरवाजातून म्हणाला, साहेब, मी तं आभार मानतच नही. एका कार्यक्रमाला वगळलेल्यांचीच नावं इतकी झाली की प्राचार्यांनी हातातला कागद खिशात घातला आणि म्हणाले, मी माझ्या एकट्याच्या वतीने आभार मानतो. त्यांच्या अख्ख्या नोकरीतलं ते पहिलं खरं वाक्य असावं.

लोक सरांना वेडसर समजायचे. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं. पण आजूबाजूला बघा जरा. चौकात उभं राहा आणि बोर्ड वाचा. कुठल्या तरी भाऊंच्या वाढदिवसाला शुभेच्छा कोण देतंय? समस्त नागरिक. कोण समस्त? केळी भरून निघालेल्या ट्रकवाल्याला विचारलं? मेहरूणच्या तलावाकाठी भेळ विकणाऱ्याला विचारलं? तो भाऊ कोण हेही त्यांना ठाऊक नसतं. तरी त्यांच्या नावाने दात काढलेला भाऊ चौकात टांगलेला असतो, ढगाएवढा. आपलं तोंड कुणीही उचलावं आणि कुणाच्याही धडावर लावावं, अशी ही रीत. आणि आपल्याला राग येत नाही. सरांना यायचा. ते पिशवीत जाड मार्कर घेऊन हिंडायचे, आणि हात पोचेल त्या बोर्डावर 'समस्त' या शब्दाखाली लिहायचे: 'हिलाल वजा'. एरंडोलच्या स्टँडवर एकदा पोलिसाने हटकलं. सर त्याला म्हणाले, तुम्ही दिल्या आहेत का शुभेच्छा? पोलीस विचारात पडला. मग म्हणाला, माझंही वजा करा. हे पोलिसाचं वाक्य सरांनी सांगितलेलं आहे, तेव्हा त्यातलं थोडं मीही वजा करतो.

आता त्यांचं शिकवणं. फळ्यावर खडूने केळं काढायचे आणि विचारायचे, हे काय आहे? पोरं म्हणायची, केळं. सर म्हणायचे, ये, सोलून दाखव. पोरगा म्हणायचा, सर, हे तर चित्र आहे. मग केळं का म्हणालास? सर टेबलावर मूठ आपटायचे आणि तिथून तासाला आग लागायची. भिंतीवरच्या नकाशात आपली बोरी नदी निळी आहे, खरी बोरी निळी पाहिली आहे कुणी? आम्ही तर वाळू पाहिली, बाभळी पाहिल्या, म्हशी पाहिल्या. पण परीक्षेत निळीच काढायची, कारण नकाशा नदीचा प्रतिनिधी आहे आणि प्रतिनिधी सांगेल ते खरं. चित्र सारखं दिसतं पण जागा घेत नाही. प्रतिनिधी जागा घेतो पण सारखा नसतो. आणि आपलं मन? तेही जगाचा प्रतिनिधीच, बाहेरचं म्हणणं आत पोचवणारा, आणि प्रतिनिधी म्हटल्यावर त्यात स्वतःचा मीठमसाला घालणारच. म्हणून कुणीही कुणाची जागा घेतली, मग तो रंग असो, शब्द असो की आमदार असो, तर एकच प्रश्न विचारायचा: ज्याची जागा घेतली, तो कुठे आहे?

हा प्रश्न ते विचारायचे तेव्हा खरंच खोलीत कुणीतरी हरवलंय असं वाटायचं.

विभागात विद्यार्थी किती, तर एका रिक्षात मावतील इतके. त्यात लीला नावाची मुलगी होती. मुलगी कसली, लग्न होऊन सासरी आलेली सून. सासरहून कॉलेजला यायची. ते सासर म्हणजे नेमकं सरांचंच गाव, अमळनेरहून धुळ्याला जाताना फाट्यावरून आत. गावाचं नाव मी सांगत नाही, तिथली माणसं धडधाकट आहेत. एसटी फाट्यावर सोडायची, आत यायची नाही, कारण मधल्या नाल्यावरची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, इतकी खाली की पाऊस झाला की बुडायची. लीला चपला हातात घेऊन नाला ओलांडायची, साडीचा ओला काठ पिळत वर्गात शिरायची. ज्या दिवशी पाणी चढायचं त्या दिवशी यायचीच नाही.

अशाच एका दिवशी हजेरी घेताना लीलाचं नाव आलं आणि तिची मैत्रीण सुनंदा आवाज बदलून म्हणाली, हजर. कॉलेजात हे रोजचं. दुसरा कुणी असता तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं, किंवा ओरडला असता. सर हसले. सर हसले की मी माझा वर्ग सोडून खिडकीशी यायचो. म्हणाले, बरं झालं आलीस लीला. बस. फरशीवर पाणी किती होतं आज? सुनंदा म्हणाली, गुडघ्याइतकं. चपला कुठे ठेवल्यास? हातात. सासूबाई काय म्हणाल्या निघताना? सुनंदाने तेही काहीतरी रचून सांगितलं. पोरं फिदीफिदी हसत होती. तासभर सरांनी तिला लीलाच म्हटलं, लीलाच्या जागी बसवलं, आणि शेवटी, शिकवून झाल्यावर, अगदी हळू आवाजात विचारलं, "लीला, तुला काय वाटतं?"

सुनंदा हसता हसता थांबली. मग तिचे डोळे भरले. म्हणाली, "सर, तिला काय वाटतं ते मला नही माहीत."

सर म्हणाले, आज एवढंच शिकायचं होतं, जा. दुसऱ्या दिवशी लीला आली तेव्हा तिला म्हणाले, तू काल गैरहजर होतीस, मी तसंच लावलंय. ते तुझंच गैरहजर राहणं आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नको.

संस्थेच्या तसबिरीची हकीकत तर खानदेशभर पसरलेली आहे, पण लोक ती अर्धीच सांगतात. आमच्या संस्थापकांचा, कैलासवासी अण्णासाहेबांचा, एकही फोटो कुणाकडे नव्हता. फार जुना माणूस. संस्थेचे अध्यक्ष भैयासाहेब म्हणजे त्यांचे नातू. भैयासाहेबांनी धुळ्याहून एक पेंटर आणवला, स्वतः डोक्याला पागोटं बांधून त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, रक्त एकच आहे, काढ. पेंटरने काढलं. मोठा सोनेरी चौकटीतला अण्णासाहेब सभागृहात लागला. अनावरणाच्या दिवशी भैयासाहेब पुढे झाले, हार घातला, हात जोडले, डोळे मिटले. माणूस स्वतःला हार घालून स्वतःपुढे डोळे मिटून उभा आहे आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवतंय, हे दृश्य मी या देही पाहिलं.

सर उठले. म्हणाले, भैयासाहेब, ज्यांची जागा तुम्ही घेतली ते अण्णासाहेब कुठे आहेत? भैयासाहेबांनी डोळे उघडले. सर म्हणाले, चेहरा ठाऊक नाही तर रिकामी चौकट लावा. खाली लिहा, यांनी शाळा काढली, फोटो काढायचा राहून गेला. त्या रिकाम्या चौकटीपुढे मी रोज डोकं टेकवीन. ह्या तुमच्या तोंडापुढे टेकवणार नाही.

यावर उत्तर काय मिळालं? उत्तर द्यायला डोकं लागतं, बदली करायला नुसता शिक्का पुरतो. सरांना सातपुड्याच्या पायथ्याच्या शाखेत धाडलं, जिथे तत्त्वज्ञान हा विषयच नव्हता. सर तिथे पाड्यांवरच्या पोरांना वर्षभर इतिहास शिकवून आले. येताना म्हणाले, मराठीवाले, (मला ते कायम मराठीवाले म्हणायचे) तिथल्या पोरांना विचारलं, आपल्या पुस्तकात तुम्ही कुठे आहात? पोरांनी पुस्तक उलटंसुलटं केलं. एक चित्र सापडलं. नाचताना. पोरं म्हणाली, सर, आम्ही रोज नाचतो का? हे सांगताना सरांचा आवाज बसला. त्यांचा आवाज बसलेला मी ऐकला असा तो पहिला प्रसंग.

आणि इकडे सभागृहात काय चाललं होतं? भैयासाहेब सुटत चालले होते. माणूस सुटला आणि तसबीर तशीच राहिली तर लोकांना फरक कळेल, म्हणून दर काही वर्षांनी पेंटर यायचा आणि अण्णासाहेबांना गाल, हनुवटी वाढवून द्यायचा. भैयासाहेबांनी मिशी ठेवली, अण्णासाहेबांना मिशी फुटली. मरून इतकी वर्षं झालेला माणूस असा चांगल्या खाण्यापिण्यावर राहिलेला दुसरीकडे सापडणार नाही.

एवढा मूर्ती-तसबिरींवर दात धरणारा हा माणूस श्रावणात मात्र कानबाईपुढे मांडी घालून बसायचा. आमच्याकडे कानबाई बसते ती नारळाची. नारळाला डोळे, नथ, साडी, दागिने, आणि रात्रभर गाणी. मी टोमणा मारला, सर, हे चालतं का? म्हणाले, का नाही? नारळ रविवारी देवी होतो, रात्रभर बायका त्याच्याशी मनातलं बोलतात, सोमवारी नदीवर जाऊन मोकळा होतो. तो पाच वर्षं चिकटून बसत नाही, आणि बायकांच्या मधे तोंड घालत नाही. मला असा प्रतिनिधी दाखवा, मी त्याला मत देतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो, आणि सांगताना माझं डोकं तापणार आहे, मे महिन्यातल्या जळगावच्या पत्र्यासारखं.

सर निवृत्त होऊन अमळनेरातच राहत होते. त्यांच्या गावच्या सरपंचपदाचं आरक्षण महिलेला सुटलं. आपल्याकडे आरक्षण महिलेला सुटतं आणि पद नवऱ्याला मिळतं, ही गोष्ट तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गावातले वजनदार गृहस्थ संजयआप्पा. त्यांनी बायकोला उभं केलं. बायको म्हणजे आपली लीला, आता लीलाबाई, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीची आई. निवडून आली. गुलाल आप्पांवर. हार आप्पांना. ट्रॅक्टरवर उभे आप्पा. फाट्यावर विजयाचं बॅनर लागलं त्यात आप्पा दरवाजाएवढे आणि कोपऱ्यात लीलाबाई पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. तोही फोटो खास काढलेला नव्हता, लग्नाच्या फोटोतून कापलेला. कपाळाला मुंडावळ्या, आणि कडेला नवऱ्याचा अर्धा खांदा राहून गेलेला. जिंकलेल्या बाईला स्वतःच्या विजयाच्या बॅनरवर स्वतःचा चेहरा मिळेना. गाव आप्पांना सरपंच म्हणायला लागलं. खुर्चीवर आप्पा, गाडीवर पाटी आप्पांची, तालुक्याच्या बैठकीला आप्पा. सह्या तेवढ्या चुलीपाशी व्हायच्या, त्याही पिठाच्या हाताने. आणि हे बघून अधिकाऱ्यांना काही वाटत नाही, पुढाऱ्यांना वाटत नाही, मला सांगा, तुम्हाला तरी वाटतं का? दुसऱ्याच्या तिकिटावर गाडीत बसलात तर तपासनीस खाली उतरवतो. दुसऱ्याच्या पदावर बसलात तर नारळ-टॉवेल देऊन सत्कार करतात.

गावाला निधी आला. आप्पांच्या मनात आलं, फाट्यावर कमान बांधावी. भव्य. वर त्यांच्या वडिलांचं नाव. लीलाबाईंच्या मनात दुसरंच होतं. एसटीच्या डेपोतून त्यांनी स्वतः विचारून आणलं होतं की नाल्यावरची फरशी उंच करा, बस गावात आणतो. गावातल्या मुली अजून चपला हातात घेऊन नाला ओलांडत होत्या. त्यात त्यांची स्वतःची मुलगी. काहींचं शिक्षण त्या नाल्यातच वाहून गेलं होतं. घरात आप्पांनी ऐकून घेतलं नाही. ठराव ग्रामसभेत होणार होता.

सभेआधी लीलाबाई अमळनेरला सरांकडे आल्या. मी तिथेच होतो, सरांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, वरण-बट्टीला बोलावलं होतं. लीलाबाई भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "सर, आवंदा मी बोलसू. कमान नको, फरशी करा, आसं सभामा बठ्ठास्ना समोर सांगसू. माले फक्त येक सांगा, आवाज कापना तर काय करू?"

सरांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर जाईल. म्हणाले, कापू दे. कापलेला आवाज पण तुझाच. त्यांनी तिला सगळं समजावलं. सरपंच तू आहेस, अध्यक्ष तू आहेस, खुर्ची मागायची नाही, जिथे असशील तिथून उठायचं आणि बोलायला लागायचं. एकदा तू उठलीस की बाया उठतील. लीलाबाई म्हणाल्या, तुम्ही या, सर. मागे बसा. तुम्ही दिसले म्हणजे धीर येईल. सर म्हणाले, येतो. कोपऱ्यात बसतो, तोंडात सुपारी धरतो, एक शब्द बोलत नाही.

काकू आतून म्हणाल्या, "हाऊ मानूस गप बसाव नही, लीला. तू याले घरच राहू दे."

सर रागावले. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडातून न बोललेला माणूस आहे मी, म्हणाले.

ग्रामसभा मारुतीच्या पारासमोर होती. मंडप, टेबल, टेबलावर कापड, पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध पाठीवर टॉवेल टाकलेली खुर्ची. खुर्चीत आप्पा. बाया एका बाजूला सतरंजीवर, आणि त्यांच्या पहिल्या ओळीत गावाच्या सरपंच, मांडी घालून. टेबलामागे कमानीचं चित्र टांगलेलं, संगणकावर काढलेलं. त्या कमानीखालून एक लाल विलायती मोटार चालली होती, दोन्ही बाजूला नारळाची झाडं आणि मागे बर्फाचे डोंगर. धुळ्याच्या रस्त्यावर बर्फ. लोक मान वाकडी करून बघत होते आणि म्हणत होते, भारी शे. मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं. सरांनीही ते पाहिलं, पण डोळे मिटले आणि सुपारी या गालातून त्या गालात सरकवली. मी मनात म्हटलं, आज गडी पार पडतो.

ग्रामसेवकाने विषय वाचला. आप्पा उठले. घसा साफ केला. लीलाबाईंनी पदर खोचला आणि हातातला मोबाईल शेजारणीकडे देऊन उठायला एक हात सतरंजीवर टेकवला.

आप्पा म्हणाले, "गावाच्या सरपंच सौभाग्यवती लीलाबाई यांच्या वतीने मी कमानीचा ठराव आपल्यापुढे..."

सुपारी कुठे गेली ते देव जाणे. माझ्या शेजारी तोफ उडाली. सर उभे होते, एक हात वर, आणि पारावरच्या पिंपळाची पानं उलटी झाली होती. "कुणाच्या वतीने? जिची जागा घेतलीस ती कुठे आहे? ती बघ, ती तिथे खाली बसली आहे! तू खुर्चीत आणि ती सतरंजीवर, आणि वर तिच्या वतीने?"

त्यानंतर सर जे बोलले ते मी ऐकलेलं त्यांचं सर्वोत्तम व्याख्यान होतं. खरं सांगतो, विद्यापीठात व्हायला हवं होतं. फळ्यावरचं केळं आलं, निळी बोरी आली, तसबिरीतले गाल आले, बर्फाचे डोंगर तर त्यांनी असे सोलले की खालचं बॅनरचं कापड दिसलं. मत देताना माणूस आपलं तोंड काही काळासाठी दुसऱ्याकडे ठेवायला देतो, विकत नाही, म्हणाले. आणि या बाईने तर तेही दिलेलं नाही, गावाने आपली तोंडं तिच्याकडे ठेवली आणि नवरा ती गाठोडं बांधून घेऊन गेला. तरुण पोरं मोबाईल वर धरून चित्रण करत होती. टाळ्या पडत होत्या. आप्पा काळेनिळे पडले होते. मीही टाळ्या वाजवत होतो, दोन्ही हातांनी, आणि हात दुखेपर्यंत.

मग आप्पांच्या बाजूने कुणीतरी थंडपणे विचारलं, सर, तुमचं मतदान या गावात आहे का? नव्हतं. ते अमळनेरात होतं. मग तुम्ही कोण म्हणून बोलता इथे?

आणि हिलाल सर गरजले, "मी लीलाच्या वतीने बोलतोय!"

दुसऱ्या कुणाच्या वतीने बोलतोय, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी स्वतः ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ते थांबले नाहीत. समोरचेही थांबले नाहीत. आता कमान आणि फरशी बाजूला राहिली, सभा सरांची की आप्पांची एवढंच उरलं. भाऊबंदकीची जुनी मढी उकरली गेली. खुर्च्या सरकल्या. कुणाचा तरी सदरा फाटला. ग्रामसेवक बिचारा कागद छातीशी धरून टेबलाच्या मागे गेला आणि तिथून म्हणाला की सभा तहकूब करतो. त्याच्याशिवाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही की तहकूब झालेली सभा पुन्हा बोलावली की तिला माणसांची ठरावीक संख्या लागत नाही. असतील तेवढ्यांनी ठराव करायचा. आप्पांच्या मात्र लक्षात आलं असावं, कारण सगळ्यात आधी तेच शांत झाले.

पुढच्या सभेला कोण होतं आणि काय ठरलं, ते फाट्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं. कमान भव्य आहे. बस अजून तिच्याबाहेरच वळते. सरांच्या भाषणाचं चित्रण मात्र तालुकाभर फिरलं, लाखो लोकांनी पाहिलं असं पोरं म्हणतात. त्या चित्रणात सर आहेत, आप्पा आहेत, बर्फाचे डोंगर आहेत. लीलाबाई एकदाही नाहीत. कॅमेरा त्या बाजूला वळलाच नाही.

सर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. पुण्याला मुलाकडे गेले आणि तिथेच गेले. कॉलेजातल्या शोकसभेत नव्या प्राचार्यांनी सर्वांच्या वतीने श्रद्धांजली वाहिली, आणि कुणी उठलं नाही. मीसुद्धा नाही. त्याचा राग मला अजून येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

मला ते दिसतात ते त्या दुपारचे. मंडप रिकामा झाला होता. पोरं सतरंज्या गुंडाळत होती, कमानीचं चित्र एका बाजूने सुटून लोंबत होतं. सर पाराच्या कडेला बसले होते, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, घसा इतका बसलेला की शब्दांऐवजी नुसती हवा येत होती. पण डोळे पोरासारखे चमकत होते. लीलाबाई घरून तांब्या घेऊन आल्या. सर घटाघटा पाणी प्यायले, त्यांनी मिशी पुसली आणि फाटक्या आवाजात मोठ्या आनंदाने म्हणाले, "काय लीला, आज खुर्ची पोळली की नाही तुझ्या आप्पाला? आता पुढच्या सभेला तू बोल."

लीलाबाईंनी रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला. पदराने त्याचा काठ पुसला. रागाने नाही, रडून नाही, बसची वेळ सांगावी तसं म्हणाल्या, "मी उठीच राहिंतू, सर. तुम्ही पहिले उठी ग्यात."